सासऱ्यांनी पाठीवरून निवडलेला लॅपटॉप

आमचे सासरे कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ती उलटी करून पाहतात. खुर्ची असो, भिंतीवरचं घड्याळ असो, नाहीतर साधा प्लास्टिकचा डबा असो. पुढून सगळ्याच वस्तू गोड बोलतात, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त केल्यावर माणूस असा होत असावा. आमच्या भागात त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. ते मिक्सरवाले, आणि मी मिक्सरवाल्यांची सून.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. तिथे एक लांब टेबल, त्यावर खाली ओढून घेता येणारा दिवा आणि जळक्या तारेचा वास कायम. यंत्र उघडायला घेतलं की आधी कागदावर त्याची आकृती काढायची आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या आकृतीत जिथला तिथे ठेवायचा, ही त्यांची पद्धत. त्यामुळे जोडून झाल्यावर त्यांच्याकडे कधी स्क्रू उरत नाही. इतरांकडे उरतात, हे ते न विचारता सांगतात.

त्यांची दुसरी पद्धत मात्र घरातल्यांच्या नाकी नऊ आणणारी. नवी वस्तू घरात आली की ती पहिल्या दिवशीच उघडायची. आमच्या कपडे धुण्याच्या यंत्राने पहिला कपडा पाहण्याआधी सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, पेचकस पाहिला. "बिघडल्यावर पहिल्यांदा भेटलो तर ओळख कशी पटणार?" हे त्यावर त्यांचं उत्तर. सासूबाई म्हणायच्या, "लग्नानंतर मला उघडून पाहिलं नाही, हे माझं नशीब."

सासूबाई गेल्या त्याला आता वर्ष झालं. त्याआधी पाच वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्या आजारी पडण्याआधी मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे छपाईला जाण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या. काम माझ्या आवडीचं होतं आणि मला ते चांगलं जमायचं, हे सांगायला मी लाजणार नाही. पण सासूबाईंचं एक अंग गेलं, नवरा फिरतीच्या नोकरीत, बाबांचं दुकान. घरी कुणीतरी राहायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे कोण, यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. मी राजीनामा दिला. मला त्यांची सेवा केल्याचं दुःख नाही, त्या मला जीव लावायच्या. पण राग होता. तो मी कुणाला दाखवला नाही एवढंच.

आणि आता एक काम चालून आलं होतं. शाळेची पुस्तकं तयार करणाऱ्या एका संस्थेला घरी बसून मुद्रितं तपासणारं माणूस हवं होतं. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा आणि धडधाकट हवा, मध्येच मान टाकणारा नको. सोमवारी सकाळी नऊला सुरुवात, एक आठवडा परीक्षा, जमलं तर काम कायम. माझं वय एक्केचाळीस. नोकरीत सहा वर्षांचा खंड पडलेल्या बाईला दुसरं कुणी बोलावणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्याने फोनवर बजेट ठरवून दिलं आणि वर सल्ला दिला, "बाबांना बरोबर नेऊ नकोस."

"मी कशाला नेतेय?" मी म्हटलं. फोन ठेवून वळले तर बाबा बूट घालून दारात उभे.

मुख्य रस्त्यावर कापडाच्या आणि चपलांच्या दुकानांच्या मध्ये एक मोठं काचेचं दुकान आहे. आत गारेगार, भिंतीभर चालू टीव्ही, आणि एका लांब टेबलावर ओळीने उघडे लॅपटॉप. काउंटरवर पंचविशीची एक मुलगी होती. केस घट्ट बांधलेले, बोलणं झरझर. तिने आम्हाला पहिला लॅपटॉप दाखवला, त्याचा पडदा किती रंगीत आहे ते सांगितलं, बरोबर बॅग फुकट मिळेल तेही सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पालथा कर बघू."

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे पाहिलं.

त्या दिवशी त्यांनी सात लॅपटॉप पालथे केले. खिशातून भिंग काढून स्क्रू पाहिले, जाळीला नाक लावून वास घेतला, झाकण एका बोटाने उघडतंय का ते पाहिलं. एकाला म्हणे पंखाच नव्हता. "मग तापल्यावर हा काय करतो?" बाबांनी विचारलं. "तापत नाही, काका," मुलगी म्हणाली. बाबांनी तळव्याने त्याचं पोट चाचपलं. "तापलाय," ते म्हणाले. तिनेही हात लावून पाहिला आणि तो बाजूला सरकवला.

मी हळूच बाहेर जाऊन उभी राहिले. मला लाज वाटत होती. लोक जोडीने येत होते, पडद्याकडे पाहत होते, खोकं घेऊन जात होते. आम्हाला मात्र त्या दुकानात आणखी दोन दिवस जावं लागलं. पण त्या तीन फेऱ्यांत एक गंमत झाली. ती मुलगी बाबांशी खरं बोलायला लागली. मॅनेजर लांब असला की हळूच सांगायची, "काका, हा नको, वर्षभरात याची बिजागरी ढिली होते. हा वेगवान आहे म्हणतात, पण मेमरी वाढवता येत नाही, आतच चिकटवलेली आहे." बाबा मान हलवायचे. चिकटवलेलं काहीही असलं की त्यांच्या कपाळावर आठी येते.

शेवटी तिने खालच्या कप्प्यातून एक करडा लॅपटॉप काढला. दिसायला अगदी सरकारी. "जाहिरात नाही, म्हणून कुणी मागत नाही," ती म्हणाली. "पण याच्या तक्रारी येत नाहीत. सगळे स्क्रू साधे. सर्व्हिस सेंटर गावातच आहे, पार्सल करावं लागत नाही. आणि बटणं बघा, ताई." मी टाइप करून पाहिलं. बोटं बरोबर बसली. बाबांनी तो पालथा केला, दहा स्क्रू मोजले आणि पहिल्यांदाच हसले. "हा माणसात आहे," ते म्हणाले.

खोकं घेऊन शनिवारी आम्ही घरी आलो. मी लगेच तो लावला, संस्थेने पाठवलेला सराव मजकूर उघडला आणि दोन पानं तपासली. सहा वर्षांनी. चुका आपोआप डोळ्यांत टोचत होत्या. मी इतकी खूश होते, की बाबांना म्हटलं, "तुमच्यामुळे चांगला मिळाला हो." त्यांचे हात शिवशिवत होते ते मला दिसत होतं. मी बजावलं, "बाबा, याला उघडायचं नाही. याच्या मागे स्टिकर आहे. तो फाटला की गॅरंटी गेली." ते "हो हो" म्हणाले. त्यांचं "हो हो" दोनदा आलं की त्याचा अर्थ काय, हे मला अकरा वर्षांत कळायला हवं होतं.

रविवारी जेवण झाल्यावर मी जरा पडले. चार वाजता उठून चहा टाकायला निघाले तर पुढच्या खोलीतला दिवा खाली ओढलेला. टेबलावर कागद, कागदावर चौकोनी आकृती, आकृतीत दहा स्क्रू जिथले तिथे. बाजूला माझा लॅपटॉप परत जोडायला घेतलेला. बाबा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर.

"काय केलंत?" मी विचारलं.

"बटणांची पट्टी," ते म्हणाले. "आत कागदासारखी पातळ पट्टी आहे. तिची खिटी सोडवून बघत होतो. नखाएवढी खिटी. तुटली."

मी लॅपटॉप त्यांच्या हातून ओढून घेतला, दहाच्या दहा स्क्रू उभ्याउभ्या लावले आणि तो चालू केला. पडदा उजळला. बोट फिरवायची जागा चालत होती. बटणं दाबली, एकही अक्षर उमटेना. मी वरच्या ओळीपासून खालपर्यंत प्रत्येक बटण दाबलं. काही नाही. सकाळी नऊला काम सुरू होणार होतं आणि माझ्याकडे मुकं यंत्र होतं.

 मी चहाही टाकला नाही. लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघाले. बाबा मागोमाग आले. या वेळी बूट घालायला त्यांना वेळ लागला, तरी मी थांबले नाही.

दुकानात ती मुलगी होती. तिने लॅपटॉप पालथा केला, फाटलेला स्टिकर पाहिला. "कुणी उघडला?"

"मी," बाबा म्हणाले. "ही नाही. मी."

"गॅरंटी गेली, काका. आणि सर्व्हिस सेंटरला आठ-दहा दिवस लागतात."

तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. भर दुकानात मी ओरडले. "काय गरज होती हो? सांगितलं होतं ना तुम्हाला? माझी एक वस्तू, एकच, ती तरी तशीच ठेवायची होती! उद्या नऊ वाजता मी काय सांगू त्यांना? तुमच्या घरात माझं काही धड राहूच द्यायचं नाही का?" टीव्ही बघणारी माणसं वळून आमच्याकडे बघायला लागली. बाबा मान खाली घालून उभे होते. शहात्तर वर्षांचा माणूस, ज्याच्याकडे अर्धा गाव बिघडलेल्या वस्तू घेऊन येतो, तो काउंटरला हात टेकून उभा होता. मला दिसत होतं आणि तरी मी थांबले नाही, हे मी कबूल करते.

मुलगी शांतपणे बटणं दाबून पाहत होती. मग तिने विचारलं, "ताई, बाकी सगळं चालतंय ना?" आणि मागच्या फळीवरून एक लांबट खोकं आणलं. त्यातून साधा, वायरवाला कीबोर्ड काढला, बाजूच्या खाचेत खोचला आणि एक बटण दाबलं. पडद्यावर अक्षर उमटलं. तिने आणखी चार दाबली. चारही आली.

"दिसायला लोढणं आहे," ती म्हणाली, "पण आठवडा काय, वर्षभर चालेल. दुरुस्ती सावकाश करा."

बाबांनी माझ्याआधी खिशात हात घातला. परत येताना ते खोकं त्यांनी काखेत धरलं होतं.

सोमवारी पावणेनऊला मी आतल्या खोलीत बसले. पुढे लॅपटॉप, त्याच्या पुढे तो लांब कीबोर्ड. टेबल अपुरं पडत होतं, म्हणून लॅपटॉप पुस्तकांवर चढवला. नऊला पहिला धडा आला. अकराच्या सुमाराला पुढच्या खोलीत एका बाईंचा आवाज आला, मिक्सर आजच्या आज हवा होता. मोटर लावून बघायची म्हणजे भिंती हादरणार. मी दात आवळून वाट पाहत बसले.

"आज नाही," बाबांचा आवाज. "पाचनंतर या. घरात माझ्या सुनेचं ऑफिस चालू आहे."

"पण तुम्ही तर लगेच करून देता ना?"

"पाचनंतर," बाबा म्हणाले.

आठवडाभर आमच्या घरी पाच वाजेपर्यंत एकही मोटर फिरली नाही. दोन गिऱ्हाइकं रागावून पलीकडच्या गल्लीत गेली. मला ते ऐकू येत होतं. मी बाहेर येऊन काही म्हणाले नाही, रविवारचा राग अजून पुरता उतरला नव्हता. जेवताना ते भाजी पुढे सरकवायचे, मी घ्यायचे, इतकंच.

शुक्रवारी साडेचारला संस्थेतल्या बाईंचा फोन आला. तीनशे पानांत माझ्या हातून एकच चूक सुटली होती. काम कायम झालं होतं. नवऱ्याला फोन लावायच्या आधी मी पुढच्या खोलीत गेले. पाच वाजायचे होते, बाबा एका इस्त्रीची वायर नुसती पुसत बसले होते.

"झालं," मी म्हटलं. "ठेवलं त्यांनी मला."

त्यांनी वायर खाली ठेवली. मला वाटलं, आता लॅपटॉपच्या खिटीबद्दल काहीतरी सांगतील.

"तुझी सासू आजारी पडली तेव्हा," ते म्हणाले, "दुकान मी बंद करायला हवं होतं. माझं वय झालं होतं, तुझं काम नुकतं रंगात आलं होतं. मला तेव्हाच कळत होतं. मी तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू कदाचित नाही म्हणाली असतीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकदा तुझं काम मी थांबवलं. परवा रविवारी दुसऱ्यांदा थांबवलं असतं. यंत्र बिघडलं तर तुला खोळंबा नको, म्हणून आतून बघून ठेवत होतो. पण मुळात चूक ती पहिली आहे. तिला काही स्टिकर नव्हता, म्हणून कुणाला दिसली नाही."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. मी रडायला लागले, तशी ते घाबरून उठले आणि त्यांना दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले. हे एवढं ऐकण्यासाठी मी सहा वर्षं थांबले होते, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.