डोळ्याचा गंज

हे कुणाच्या हाती पडलंच तर माझ्या शुद्धलेखनाला हसू नका. चौथीनंतर शाळा सुटली, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी मागते. चारचौघांत मला बोलता येत नाही. राग मात्र येतो, म्हणून लिहिते.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. तरुणपणी त्या मेंढरांमागं हिंडलेल्या. माळाच्या पल्याडून आपलं कोकरू ओळखायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा भिगवणच्या शिबिरात ऑपरेशन करायचं ठरलं. तेवढ्यात इंदापूरचे दाजी, माझ्या नणंदेचे मालक, गोळ्यांच्या बाटल्या घेऊन आले. शेतीबरोबर हा नवा धंदा धरला होता त्यांनी.

"डोळ्याला गंज चढतो. ही अँटिऑक्सिडंटची गोळी गंज काढती. मोतीबिंदू विरघळून जातो. फक्त गोळी चालू असताना डोळ्याला हत्यार लावायचं न्हाय."

"म्हंजी माजा डोळा कोयता झाला म्हना की!" आत्या हसल्या. स्वतःच्या दोन शेळ्या विकून त्यांनी बाटल्या घेतल्या.

मी माझ्या मालकांना हळूच विचारलं, "आन् शिबिर?"

"जावयाचा शबूद मोडायचा व्हय?"

झालं. आमच्याकडं जावई म्हणजे देव. शिबिर होऊन गेलं. आत्या गोळ्या गिळत राहिल्या. दिवसेंदिवस त्यांना माझं तोंड दिसेना, पायरी दिसेना. दाजी म्हणायचे, "गुण यायला टाइम लागतो," आणि नवी बाटली द्यायचे.

होळीनंतर उजवा डोळा लालभडक झाला. आत्या डोकं धरून ओरडायला लागल्या. एस.टी.नं बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू पिकून आत फुगला, दाब वाढला, नस गेली. हा डोळा आता येणार नाही. डाव्याचं ऑपरेशन लगेच करू. मी पिशवीतली बाटली काढून दाखवली.

"पालेभाजी, फळं खा, डोळ्याला चांगलीच. पण आलेला मोतीबिंदू घालवणारी गोळी अजून निघालेली नाही."

मी परसात मेथी लावते. तीच फुकटची मेथी आत्या शेळ्यांपुढं टाकायच्या, आणि त्याच शेळ्या विकून गोळ्या खाल्ल्या. मला कुणाकुणाचा राग यावा!

डाव्या डोळ्यानं दिसायला लागलं. त्याच साली धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे वाढायचे, ताटात वाण द्यायचं. आत्यांनी जाड चष्म्यातून बघत पुरण वाटलं. दाजी पाटावर बसले. वाणाचं ताट मी आणलं. त्यात रिकाम्या बाटल्या होत्या.

"वैनी, ही कसली चेष्टा?"

डोक्यावरचा पदर सावरायचंही भान नव्हतं. "चेष्टा तुमी केली, दाजी. डोळा तर येत न्हाय. शेळ्यांचं पैसं द्या, मग धोंडं खावा."

मालक ओरडले, "आत जा!" मी गेले नाही. नणंद रडायला लागली. आत्या चष्मा पुसत बसल्या, मग म्हणाल्या, "ती बोलती ते खरं हाय, जावाईबापू."

दाजी उपाशी उठले. गावानं मला तोंडाळ ठरवलं. ठरवू दे.

दिवाळीत दाजी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. नोटा आत्यांच्या पुढ्यात टाकल्या. आत्यांनी एकेक नोट डाव्या डोळ्याजवळ नेऊन बघितली आणि कमरेच्या पिशवीत घातली. दोन्ही शेळ्यांचे पैसे पुरते होते.