पणजोबांची पत्रं आणि माझं अडखळणं

जुन्या पत्रांचा डबा उघडला की किस्से आपोआप जमतात. वाचणारा मी असलो, तर जरा जास्तच!

डबा लंडनजवळच्या वॉटफर्डच्या सुलभाताईंचा. ताई रिटायर्ड जीपी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टर. त्यांचे पणजोबा दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत डॉक्टरकी शिकले आणि पुढे जन्मभर खेड्यात राहिले. घरच्यांशी झालेला सगळा पत्रव्यवहार मोडी लिपीत. ताईंच्या घरात डिग्र्यांचा ढीग, पण मोडी येणारा सापडला तो मी, अण्णा. सातवी नापास, हीथ्रोवर बॅगा उचलून म्हातारा झालेला! तरुणपणी तलाठ्याच्या कचेरीत शिपाई होतो, तिथल्या कारकुनाने शिकवली. म्हणून दर शनिवारी मी हाउन्सलोहून जातो.

ताईंना खरं तर एकच गोष्ट हवी होती. पणजोबांची परीक्षा तोंडावर असताना गावी त्यांची आई आजारी पडली, असं घरात सांगतात. मग ते आईकडे गेले का? ताई इथे परीक्षेला बसल्या होत्या, तेव्हा तिकडे त्यांची आई गेली. हे त्यांनी एकदाच सांगितलं, चहा गाळताना.

*

ताईंच्या शेजारचे विलासराव आयटीवाले. म्हणाले, अण्णा कशाला, फोन वाचेल. पत्राचा फोटो काढला. फोनने सांगितलं, ही वेलबुट्टीची नक्षी आहे.

*

एकदा मी वाचलं, "माझी पत्रे जो वाचेल, त्यास पुरणपोळी घालावी." पुढच्या शनिवारी खरंच पुरणपोळी! तूप वाढता वाढता ताई म्हणाल्या, "मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, म्हणून खरं वाचताना तुम्ही अडखळता. थाप मात्र घडाघडा वाचता."

पोळी काही काढून घेतली नाही.

*

हे मात्र अडखळत वाचलेलं. पणजोबांनी एका म्हातारीला गोड औषध दिलं. ती परत आली आणि म्हणाली, फसवता काय? मग त्यांनी त्यात कडूजहर काडेचिराईत घातलं. म्हातारी आठ दिवसांत ठणठणीत!

ताई म्हणाल्या, "माझे पेशंटही तसेच. पॅरासिटामॉल आणि विश्रांती सांगितली, की तोंड पाडून जायचे."

*

शेवटी ते पत्र सापडलं. वडिलांनी मुंबईला पाठवलेलं.

मी आधी मनात वाचलं. चष्मा पुसला. मग मोठ्याने वाचलं, "तुझी आई म्हणते, परीक्षा टाकून येऊ नको. तू डॉक्टर झालास की मला भेटलासच. तिच्या मनात किंतु नाही. तूही ठेवू नको."



ताई कागदाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अण्णा, आज एकदाही अडखळला नाहीत."

मी पत्राची घडी घालायला लागलो. त्यांनी माझा हात धरला.

"परत वाचा."