कुणी करून दिलं?

माझी धाकटी जाऊ पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करते. एकेक मोटार अशी जड, की जागची हलवायची तर शेजारच्या गॅरेजमधल्या चौघांना हाक मारावी लागे. ते यायचे, आधी चहा मागायचे, आणि वर "ताई, हे बायकांचं काम नव्हे" हा उपदेश फुकट. एकदा त्यांच्याच हातून मोटार निसटली आणि हिच्या पायाचा अंगठा चेचला. तर म्हणतात कसे, "पाय मध्ये कशाला घातलात?"

सूज उतरायच्या आत हिने कागदावर रेघोट्या ओढायला घेतल्या. भंगारातून जाड पाइप आणले. दोन्ही बाजूंना पाय फाकवून उभे असावेत तसे खांब, त्यांवर आडवा गर्डर, खाली चाकं आणि मधोमध साखळीची कप्पी. वेल्डिंग हिचंच. पहिल्यांदा ढकललं तर सगळा सांगाडा डुलायला लागला. तिने कोपऱ्यांत तिरपे आधार जोडले. मग वाळूची पोती टांगली, गर्डरखाली दोरा ताणला आणि गर्डर किती वाकतो ते दोन दिवस पाहत बसली. तिचा डबा मीच पोचवत होते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत.

आणि लोक काय विचारतात? "वा! कुणी करून दिलं?"

गिऱ्हाइकं सोडा, आमच्या सासूबाईंनीही हेच विचारलं. करून दिलं म्हणे! 'केलं' म्हणताना जिभेला काटे टोचतात का? हिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, माणूस सोन्यासारखा, पण भिंतीत खिळा ठोकायचा तर हातोडीच्या आधी मलमपट्टी शोधतात. तरी शाबासकी त्यांनाच.

परवा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून तपासनीस आला. सांगाडा पास झाला तर तिथल्या पंपांचं वर्षभराचं काम मिळणार होतं, तेही बनवणाऱ्याच्या नावावर. त्याने अर्ज काढला आणि 'बनवणाऱ्याचं नाव' या रकान्यात, न विचारता, भावोजींचं नाव लिहिलं.

"साहेब, मी बनवलंय."

"हो हो, तुमचंच आहे हो. पण करून कुणी दिलं?"

माझं डोकंच फिरलं. ती मात्र शांतपणे म्हणाली, "वजन उचलून दाखवू? तुमची मोटारसायकल चालेल?"

"उचला की!" तो हसला.

तिने पट्टे अडकवले आणि साखळी ओढायला लागली. खळ्‌खळ्‌ करत मोटारसायकल त्याच्या डोक्यापर्यंत गेली.

"झकास! बरं, आता उतरवून द्या."

"देते की," हात पुसत ती म्हणाली. "आधी तुम्ही लिहून द्या."

त्याने वर पाहिलं, अर्जाकडे पाहिलं. भावोजींच्या नावावर काट मारली आणि तिचं नाव लिहिलं. तिने ते वाचलं, खाली सही करवून घेतली, मगच साखळीला हात लावला.

जाताना हेल्मेट चढवत तो हळूच माझ्याकडे वळला, "वहिनी, यांना वेल्डिंग कुणी शिकवलं हो?"

मी डब्याचं झाकण असं आपटलं, की त्याला हेल्मेटमधूनही ऐकू गेलं असणार.