फार सिरीयस मुलगी

आमच्या हदगावकडच्या गावात सिरीयस हा शब्द फक्त दवाखान्यातून येतो. अमक्याची आई सिरीयस आहे असं कळलं की भावकी लगेच जीप शोधायला लागते.

मी नांदेडला कॉलेजात होते. आमच्या घरातून तिथवर पोचलेली मी पहिलीच. इंग्रजीच्या मॅडमनी एकदा कौतुकानं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. "तुमची मुलगी फार सिरीयस आहे," एवढं त्यांना ऐकू आलं आणि रेंज गेली. 'अभ्यासाच्या बाबतीत' हे पुढचे शब्द पोचलेच नाहीत. तास चालू होता म्हणून माझा फोन बंद होता.

दुपारी अण्णा चुलत्यांना घेऊन कॉलेजच्या फाटकात उभे होते. पायांना रानातली माती तशीच होती. मी मैत्रिणींसोबत हसत बाहेर आले.

"चांगली हिंडून राहिली की ही!" चुलते म्हणाले. अण्णा तिथंच खाली बसले.

मॅडम धावत आल्या. सिरीयस म्हणजे मन लावून शिकणारी, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"मंग मन लावती म्हनायचं ना, बाई," अण्णा म्हणाले. "बसमधी आमचा जीव जागेवर नव्हता."

मग त्यांनी आईला फोन लावला. ती पलीकडं रडत होती.

"रडू नको, बरी हाय," ते म्हणाले. "अभ्यासानं सिरीयस झाली."

आता मीही शिकवते. पालकांना फोन केला की आधी पोरगी बरी आहे म्हणून सांगते, कौतुक त्यानंतर.