देव्हाऱ्यातला बादशहा

मेहरूणला आमच्या कॉलनीत मला 'रोमवाल्या मॅडम' म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. शाळेत मी गणित शिकवते. रोमचा आणि माझ्या पोटापाण्याचा काडीचा संबंध नाही, हे मला लोकांनी इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी वाद घालत नाही. नवरा तर पिशवी हातात घेऊन दारात उभा राहतो आणि म्हणतो, "तुझ्या बादशहाला विचार, आज भरताची वांगी आणू का?" मी म्हणते, आण, आणि हिरवी बघून आण.

खरं तर मला ते संगमरवरी पुतळ्यांचं, सिंहांशी झुंजणाऱ्यांचं रोम फारसं आवडत नाही. मला आवडतं ते नंतरचं, कॉन्स्टँटिनोपलचं. मूळ रोम शहर हातातून गेलं, तरी ही माणसं पुढे जवळपास हजार वर्षं स्वतःला रोमनच म्हणवत राहिली. दर पिढीला मुलूख कमी होत गेला. शेवटी एका तटबंदीच्या आत मावेल एवढं राज्य उरलं, पण बादशहाच्या नावापुढचे किताब एकानेही कमी झाले नाहीत. हे वाचताना लोकांना हसू येतं. मला येत नाही. जिंकणाऱ्यांचा इतिहास माझ्याने वाचवतच नाही, दोन पानांत झोप येते. हरत हरत टिकून राहणाऱ्यांचा मात्र मी पुन्हा पुन्हा वाचते, आणि दर वेळी वाटतं की यंदा तरी वाचतील बिचारे.

माझं माहेर धुळे जिल्ह्यात, तापीच्या अलीकडे. घरी आता भाऊ आणि भावजय. भाऊ माझ्याहून धाकटा. त्यांना एकुलता एक मुलगा. श्रावणात कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद एकत्र येतात, तेव्हा मीही जाते. कानबाईच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यातले टाक घासायचं काम लेकींकडे असतं. टाक म्हणजे देवाची किंवा घरात गेलेल्या माणसाची ठशावर उठवलेली लहानशी धातूची प्रतिमा. आमच्याकडचे सगळे चांदीचे, एकच सोन्याचा. तो घरचा वीर, म्हणजे कुठल्या तरी पिढीत लग्नाआधी गेलेला पुरुष. तो कोण, कधी गेला, हे कोणालाच माहीत नाही. लहानपणापासून मी त्याला हळदीकुंकवाच्या थराखालीच पाहत आले होते.

काही वर्षांपूर्वी चिंचेच्या कोळात तो टाक माझ्या हातात आला. भावजयीने थर चांगला भिजवून दिला होता. मी अंगठ्याने घासत गेले आणि खालून शिरस्त्राण घातलेला, समोर बघणारा चेहरा वर आला. खांद्यावर भाला. कडेने झिजलेली अक्षरं, आपली नव्हेत. डोक्याच्या वर दोन भोकं, कधीकाळी कोणी दोऱ्यात ओवलेला. मागे वळवला तर पंख असलेली उभी आकृती, हातात उंच दांड्याचा क्रूस. मी ओसरीवर चिंचेच्या पाण्यात तशीच बसून राहिले. हा टाक नव्हता, नाणं होतं; अशी नाणी मी पुस्तकांत आणि फोनवर भिंग लावून पाहिली होती. भडोचच्या बाजूने, तापीच्या काठाने व्यापारी यायचे हे ठाऊक होतं. पण कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा माझ्या माहेरी दररोज दूधसाखरेचा नैवेद्य खातोय, हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी भावाला सांगितलं. एखाद्या जाणकाराला दाखवू, अस्सल आहे की आपल्याकडच्या सोनाराने केलेली नक्कल, एवढंच विचारू, लगेच परत आणू. त्याने टाक माझ्या हातातून घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि देव्हाऱ्यात जागेवर ठेवला.

"तो रोमना ऱ्हावो नहीतर दिल्लीना," तो म्हणाला. "आपला आजाना आजानी पुजेल शे. वीर उंबरा वलांडस नही, अक्का."

फोटोही काढू दिला नाही. घासायला लेक चालते, बोलायला चालत नाही, असं मी चांगलं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

ऐकलं ते एकट्या भाच्याने. तो तेव्हा कॉलेज सोडून शेती बघायला लागला होता. मागच्या दाराशी मला गाठून म्हणाला, "आत्या, मंग आपण बठ्ठा रोमन शेतस का?" सगळेच कसे रोमन, म्हणत मी त्याला सगळं सांगितलं, ते शहर, ते तट, ते किताब. त्याला कंटाळा आला नाही. माझ्या उभ्या आयुष्यात या विषयाला न कंटाळलेला हा पहिला माणूस. बापाचा डोळा चुकवून त्याने टाकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि मला पाठवायचे सोडून स्वतःच्याच फोनच्या पडद्यावर लावून बसला. "पाठव की रे," म्हटलं की म्हणायचा, "आत्या, लगीनले ये, मंग देसू." त्याचं लग्न जमत नव्हतं. शेती करणाऱ्याला मुलगी देतो कोण! स्थळं यायची, चहा पिऊन, नोकरी नाही ना म्हणून परत जायची. घरात ठरलेलं होतं, लग्न जमलं की तेवढ्यापुरते सगळे देव, वीरसुद्धा, सोनाराकडे उजळायला न्यायचे. तेव्हा मी बरोबर जाईन आणि नाणं नीट उजेडात बघून घेईन, असा माझा बेत होता. भाच्यालाही तो ठाऊक होता.

मग एका माघात तो गेला. पाचोऱ्याला बियाण्याची चौकशी करायला मोटरसायकलवर निघाला होता. रस्त्याचं काम चालू, वळण दाखवणारी पाटी पडलेली, समोरून डंपर. फोनचाही चुरा झाला होता. मी पोचले तेव्हा भाऊ मला आधी तो चुराच पिशवीतून काढून दाखवत होता, आणि मला कळत नव्हतं की हा मला हे का दाखवतोय. त्याच्याजवळ दाखवायला दुसरं काही नव्हतं.

दहावं-तेरावं झाल्यावर घरातले थोरले, आमच्या वडिलांचे चुलत भाऊ, नाना, ओट्यावर येऊन बसले. पोरगा बिनलग्नाचा गेलेला, त्याचा वीर झालाच पाहिजे, यावर कोणाचं दुमत नव्हतं. माझंही नव्हतं. "आखाजीना आगोदर त्याले देव्हारामा बठाडा," नाना म्हणाले. "पोऱ्याले बाहेर ठेवता ये नही." आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांची घागर भरतात, त्या दिवशी तो दारात भटकत राहायला नको. मग त्यांनी पुढचं सांगितलं. नवा वीर बाजारातल्या सोन्याचा होत नाही. घरातला जुना, झिजलेला वीर आटवायचा आणि त्यातूनच नवा घडवायचा. जुना नव्याला पोटात घेतो, म्हणजे नवा एकटा पडत नाही. "देव देवमाईनच घडस," असं म्हणून नाना चहा प्यायला लागले.

मी सरळ बोलले. काय आहे ते पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा जास्त, आणि आवाज चढवून. दुसरा कुठलाही चांदीचा टाक घ्या म्हटलं. नाना म्हणाले, बाकीचे देव आहेत, वीर हा एकच. मग मी हातातली पाटली काढून भावापुढे ठेवली. ही आटव, म्हटलं, आत्याची आहे, त्याला परकी नाही.

भावाने पाटली उचलून माझ्याच हातात परत दिली. "तुनं सोनं तुना घरनं, अक्का."

मी चिडले. चाळीस वर्षं दुसऱ्या घरात काढली म्हणून माझं सोनंसुद्धा बाटलं का, असं काहीबाही बोलले. दीड हजार वर्षं टिकलेली वस्तू तुम्ही एका दुपारी चुलीत घालणार, म्हटलं. भावजय आत भिंतीला टेकून बसली होती, तिच्यापर्यंत जातंय हे दिसत असूनही म्हटलं. भावाचा आवाज चढला नाही.

"तो दीड हजार वरीस ऱ्हायना ना? मना पोऱ्या तीस बी ऱ्हायना नही."

मी पाटली परत हातात घातली.

धुळ्याला सोनाराकडे मीही गेले. भाऊ म्हणाला नव्हता चल, पण नको असंही म्हणाला नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला घडाईची जागा, तिथे आम्ही दोघं बाकावर बसलो. कारागिराने टाक कसोटीवर ओढला. "सोनं जुनं आणि चांगलं आहे, भाऊ," तो म्हणाला. "आटवू ना?" भावाने हो म्हणायच्या आत मी टाक मागून घेतला. उजेड चांगला होता, बेत केला होता तसाच. शिरस्त्राण, भाला, डोळे. कडेची अक्षरं लावायचा प्रयत्न केला, पण ती हलायला लागली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. कोणता बादशहा ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. कदाचित ती नक्कलच असेल. मी तो कारागिराला परत दिला आणि म्हटलं, "आटवा."

मुशीत तो आधी लाल झाला, चेहऱ्यासकट. मग कडा खचल्या आणि मधोमध थेंब गोळा झाला. मला वाटलं होतं त्याहून फार लवकर झालं. कारागिराने पत्रा ठोकला, ठशावर ठेवून दाबला, कडा कातरल्या आणि गरम असतानाच भावाच्या तळहातावर ठेवला. घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार. समोरच्या ताटलीत चांदीचे आणखी तसेच पडले होते, दुसऱ्या घरांचे, सगळे एकाच ठशाचे. नाकाच्या जागी एक उंचवटा. डोळे नाहीतच.

भावाने अंगठ्याने घोडा चाचपून पाहिला. "घोडावर बठना शेवट," तो म्हणाला. मग हात माझ्यापुढे केला. "अक्का, तुले चेहरा वळखता येतस. देख बरं. त्यानामायक दखास ना?"

पोरासारखा दिसतो का, याचं त्याला वाण्याच्या दुकानात पावती तपासावी तसं माझ्याकडून खरं उत्तर हवं होतं. आयुष्यभर मी झिजलेल्या चेहऱ्यांवरून हा कोण, तो कोण ते शोधत आले, आणि घरात पहिल्यांदा कोणी मला त्याबद्दल विचारत होतं. मी चष्मा पुसला. टाक उजेडाकडे तिरपा धरला आणि नीट, वेळ घेऊन पाहिला.

"दखास ना," मी म्हटलं. "नाक तं त्यानंच शे."

भावाने मान डोलावली. टाक रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि उठला. "मंग चाल," तो म्हणाला. "त्यानी माय वाट देखी ऱ्हायनी."