जहाजाच्या तेलाचा इन्स्पेक्टर

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागन. आता जो गाढवपणा सांगून राहिलो ना, तो मी केला. तोही भर दिवसा, पूर्ण शुद्धीवर असताना!

आमचा पंकज जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. लोखंडी कंटेनर एकावर एक, असे की आमचं अर्धं पवनी गाव त्यात मावंल. जहाजाचं नाव नाही सांगत. बिचाऱ्याची बदनामी कायले?

सिंगापूरले तो जहाजावर चढला, तेव्हा फोनवर म्हणे, "बाबा, जहाजाचं तेल कमी कसं जळंल, ते पाहाचं काम आता माह्याकडे. जरासं हळू चालवलं तरी लय तेल वाचते. आन् ऐका, समुद्रात नेट नसते. बंदरावर लागलो की मीच फोन करीन."

झालं! मी फोनमध्ये जहाज दाखवणारं ॲप घेतलं. नाव टाकलं, तर निळ्या समुद्रात हिरवा बाण! खाली त्याचा स्पीडसुद्धा! आता सांगा, बापाचा जीव राहते का?

सकाळी उठलो की आधी जहाज. बायको, सुनंदा, ओरडे, "आवो, दात तरी घासा!"

"थांब व, पोरगा श्रीलंकेच्या खालून वळून राहिला."

जहाज जोरात पळालं की मी लगेच आवाजी मेसेज टाको. "काहून रे पंकज, एवढी घाई कायले? तेल काय तुह्या बापाचं आहे?" मेसेज पोहोचेना, एकच टिक. तरी रोज झाडत होतो. चहाच्या टपरीवर मी बसलो की लोक उठून जायचे. हळू चालवण्याचे फायदे सांगून सांगून दोघांच्या मोटारसायकली मी वीसच्या स्पीडवर आणल्या होत्या!

आन् एक दिवस बाण वळला. थेट मुंबईकडे!

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी. "पोरगा दारापाशी आला जी! जा, भेटून या. सांगू नका त्याले, एकदम समोर उभे राहा." गुडघे दुखत असताना दोन दिवस गॅसपाशी उभी राहिली बिचारी. बेसनाचे लाडू, जवसाची चटणी, डबेच्या डबे. ते घेऊन मी भंडारा रोड स्टेशनवरून गाडीत बसलो.

मुंबईजवळच्या त्या बंदराच्या गेटवर गार्डले जहाजाचं नाव सांगितलं. "थर्ड इंजिनिअर को बुलाओ." त्यानं फोन लावला. तासाभरानं आतून आला एक सहा फुटी सरदारजी!

गार्ड म्हणे, "लो काका, आ गया आपका थर्ड इंजिनिअर."

मी वर पाहतच राहिलो. मग वाटलं, पंकज तेलाच्या कामात अडकला असंन, म्हणून जोडीदाराले पाठवलं. तेल आठवलं आन् मी तिथंच सुरू झालो.

"क्यों जी, परसों इतना जोर से कायको भगाया? और श्रीलंका के पास एकदम बैलगाडी! ऐसे में तेल कैसे बचेंगा?"

सरदारजीचा चेहरा उतरला. "सर... आप कंपनी के ऑफिस से आये हैं?"

सर! जन्मात मले कोणी सर म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं सोडून मी काय केलं असंल? नुसतं "हूं" केलं!

तो पळत आत गेला. थोड्या वेळानं चीफ इंजिनिअरच आले, घाम पुसत, हातात फाइल. "सर, जहाज के तले में सीपियाँ चिपक गयी हैं. इसीलिए तेल ज्यादा जल रहा है. सफाई यहीं करवा रहे हैं."

जहाजाच्या बुडाले शिंपले चिकटले होते म्हणे! गार्डनं खुर्ची दिली. मी फाइल उघडली, एक अक्षर कळलं नाही, तरी मान डोलावली. "सफाई जल्दी करो," म्हटलं!

तेवढ्यात पंकजचा फोन. मी ऐटीत स्पीकर लावला.

"बाबा! बंदरावर आलो तर तुमचे सतरा मेसेज एकदम पडले. कोणाचं जहाज हळू चालवाले सांगून राहिले तुम्ही? मी आफ्रिकेत आहो, डर्बनले!"

"मग हे मुंबईचं जहाज?"

"एका नावाची दोन-दोन जहाजं असतात, बाबा! प्रत्येकाचा नंबर वेगळा राहते. नंबर पाहिला होता का?"

गार्डनं खुर्ची काढून घेतली. चीफसाहेब माह्याकडे पाहून राहिले, मी लाडवांकडे. शेवटी डबा उघडून पुढं केला. दुसरा उपाय होता काय? पहिला लाडू तोंडात टाकून सरदारजी असा हसला, की अर्धा लाडू गार्डच्या टोपीवर! चीफसाहेबांनी फाइल काखेत मारली आन् चटणीचा डबा उचलून गेले.

घरी आलो, तोवर पंकजनं आईले सारं सांगून टाकलेलं. मले वाटलं, आता भांडे आपटते. पण सुनंदानं शांतपणे पाण्याचा गिलास दिला आन् इचारलं, "पंकजचे बाबा, तुम्ही नोकरी कायची केली जी?"

मी एका घोटात गिलास रिकामा केला.

आता तुमच्यापासून काय लपवू? छत्तीस वर्षं पोस्टमन होतो मी. आन् "नुसत्या नावावर चिठ्ठी देऊ नका रे, आधी पत्ता पाहा," हे साऱ्या नव्या पोस्टमनले मीच शिकवत होतो!