वाचणारीची चूक

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तांड्यावरच्या शाळेत. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही उमगत नाही, आणि अक्षर ओळीत उभं राहत नाही, उतारावरच्या पाण्यासारखं खाली घसरतं. त्याबद्दल आधीच माफी मागते. मुलीच्या नर्सिंगच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांत लिहिते आहे. बाई गेल्यावर पुसदच्या लोकांनी त्यांच्यावर चांगलं चांगलं लिहिलं, ते छापूनही आलं. मी ते ओळीखाली बोट ठेवून वाचलं. खोटं त्यात काही नाही. पण ज्यांच्या घरी मी अकरा वर्षं पोळ्या लाटल्या त्या बाई मला त्यात भेटल्या नाहीत. या लिहिण्यात जी चूक माझी असेल ती माझी म्हणा... जी माझी नाही ती मी घेणार नाही.

रिबकाबाई शनिवारी गेल्या. शनिवारी माझी सुटी असे, म्हणून मला दुपारी कळलं. शेजारच्या वहिनींचा फोन आला, "कमल, बाई उठूनच नाही राह्यल्या वं." पहाटेच गेल्या असाव्यात. पण शनिवारी बाईंचं दार उशिरा उघडतं हे सगळ्या गल्लीला माहीत, म्हणून बारा वाजेपर्यंत कोणी हाकही मारली नाही. बाई ज्यू होत्या. त्या स्वतः बेने इस्राएल म्हणत. वडील कोकणातले, जंगलखात्याच्या नोकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. बाईंनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, लग्न केलं नाही. गावात त्यांच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं. शनिवारी चूल पेटवायची नाही, पैशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. गल्लीला वाटे, बाई शनीचं फार कडक करतात. एकदा नवीन आलेली भाडेकरीण रुईच्या पानांची माळ अन् तेलाची वाटी घेऊन दारात उभी राहिली. "बाई, माह्या पोराची साडेसाती चालू हाये, तुमच्यासंग त्याचंबी तेल घालता का?" बाई म्हणाल्या, "अहो, आमचा शनी नाही, आमचा आराम आहे." ती म्हणाली, "आरामाले कोनतं तेल लागते जी?" बाई इतक्या हसल्या की मला त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्या घरात माझा कप वेगळा नव्हता. हे लिहिलंच पाहिजे, कारण मी ज्या घरांत काम केलं त्यांतल्या दोन घरांत तो होता.

बाईंच्या कपाटात तीन वह्या होत्या. त्यांच्या धर्मातल्या जुन्या गुरूंची वचनं, कोणीतरी केव्हातरी मराठीत आणलेली. एक वही आजोबांनी उतरवलेली, एक वडिलांनी, आणि एक अलिबागकडच्या आत्याने. तिन्हींत तीच वचनं, पण कुठे एक शब्द वेगळा, कुठे अर्धी ओळ जास्त. बाईंना तिन्ही ताडून एक शुद्ध वही करायची होती, जिथे फरक तिथे खाली टीप. पण तेव्हापर्यंत काचबिंदूने त्यांचे डोळे नेले होते. जवळची मोठी अक्षरं भिंगातून जेमतेम दिसत. एका दुपारी भांडी झाल्यावर म्हणाल्या, "कमल, बस. वाच." मी म्हटलं, "मले नाही जमत जी. मी चौथी." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तू पाहिजेस. शिकलेला माणूस चुकलेलं अक्षर मनात दुरुस्त करून वाचतो. तुला अर्थ ठाऊक नाही, तू आहे तेच वाचशील." मला ते कौतुक वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे तू अडानी हायेस म्हून ठेवलं तुले." मी रागावले होते त्याच्यावर.

सहा वर्षं वाचलं. रोज दोन तास, काना-मात्रा-वेलांटीसकट. सुरुवातीला तोंडातून आवाज निघत नसे. मी परक्यासमोर बोलतच नाही, बाजारात भावसुद्धा नवरा विचारतो. पण वहीतलं बोलायला लाज वाटत नव्हती, ते माझं नव्हतं ना. एक वचन होतं, लाजणाऱ्याला विद्या येत नाही आणि तापट माणसाला शिकवता येत नाही, अशा अर्थाचं. आत्याच्या वहीत मी वाचलं, "तापस." बाई म्हणाल्या, "तापट." मी म्हटलं, "इथं स हाये, बाई. तापस." त्यांनी भिंग लावलं, मग मान मागे टाकून हसल्या. "आत्याचा नवरा भयंकर तापट होता गं! ती वही त्याच्या हातात पडेल म्हणून भीतीने केलं असेल तिने." त्या दिवशी त्यांनी मला स्वतः चहा करून दिला. मोठ्या अक्षरात टीप लिहिली, मला मोठ्याने वाचायला लावली. ते दिवस चांगले होते.

मुलीचं नर्सिंगला नाव लागलं तेव्हा बाईंनीच अर्ज भरून घेतला आणि वीस हजार रुपये दिले. दर महिन्याला पगारातून पाचशे कापून घ्यायचे ठरले. डायरीत त्या मोठ्या अक्षरात लिहीत. कापले, याचं मला दुःख नाही. उसने होते, फेडायचेच होते. पण पगार होता स्वयंपाक आणि झाडूपोछ्याचा. वाचण्याचं काही नव्हतं. दोन तासांत मी आणखी एक घर धरलं असतं. हे त्यांना सांगायला मला चार महिने लागले. शेवटी पोळपाटाकडे बघत म्हटलं, "बाई, वाचन्याचं काही... धराल का त्यात?" त्या म्हणाल्या, "अगं, मी तुला शिकवते आहे. फी मागते का तुझ्याकडे?" मी पुढची पोळी लाटायला घेतली. मला पुढचं बोलता येत नाही.

मग ते चाकरांचं वचन आलं. धन्याची सेवा कशी करावी याचं. आजोबांच्या आणि वडिलांच्या वहीत, मजुरीची अट न घालता सेवा करणाऱ्या चाकरांसारखे व्हा. आत्याच्या वहीत मी वाचलं, "मजुरी न घेण्याची अट घालून." बाई म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी वाचलं. "पुन्हा." मी तेच वाचलं. मी विचारलं, दोन्ही एकच नाही का. त्या शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "मुळीच नाही. पहिल्यात मजुरीसाठी काम करायचं नाही, पण मिळाली तर घ्यावी. दुसऱ्यात घ्यायचीच नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग हे दुसरं चाकरानं नसन लिवलं, बाई. धन्यानं लिवलं असन."

मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. भिंग घेऊन पानावर खूप वेळ फिरवलं. आत्याचं अक्षर मुंगीएवढं, शाई उडालेली, त्यांना दिसणं शक्य नव्हतं. म्हणाल्या, "मला तर दिसत नाही इथे काही. तुला तुझ्या पगाराचं पडलं आहे, म्हणून तुला जिकडेतिकडे मजुरी दिसते. मनचं वाचतेस तू. बंद कर वही." आठ दिवस वाचन बंद होतं. पुन्हा सुरू झालं तेव्हा आम्ही पुढच्या पानावर होतो.

त्या गेल्यावर त्यांचे ठाण्याचे भाचे आले, रूबेनभाऊ. बाईंना ठाण्यालाच मूठमाती दिली, इकडे दफनाची जागा नाही. पंधरा दिवसांनी घर आवरायला ते परत आले, तेव्हा कपाट मी उघडून दिलं. शुद्ध वही वर होती. स्वतःहून मी ती कधी उघडली नव्हती, आणि चाकरांची टीप बाईंनी मला वाचायला दिली नव्हती. चाकरांचं पान काढलं. खाली बाईंच्या हातची टीप होती, "आत्याच्या वहीत 'न' चे स्थान निराळे ऐकू आले. वाचणारीची चूक असावी."

सहा वर्षांच्या वहीत माझा उल्लेख तेवढाच. नाव नाही. चूक म्हणून आहे.

मी आत्याची वही काढून रूबेनभाऊंसमोर धरली, ओळीखाली बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, खिडकीशी गेले. "खरंच आहे की हो हे." मग ठाण्याच्या कोणा जाणत्या माणसाला फोन लावला. बोलून झाल्यावर म्हणाले, "कमलताई, मूळ हिब्रूतच दोन्ही पाठ आहेत म्हणे. पूर्वीपासून. आत्याकडे... म्हणजे अलिबागच्या आत्याकडे दुसरा आला असेल." मी शुद्ध वहीतली बाईंची टीप पुढे केली, "मंग हे खोडा." ते वही हातात धरून उभे राहिले. "तिचं अक्षर आहे हो. खोडवत नाही. छापू तेव्हा बघू."

जेवणानंतर डायरी घेऊन आले. साडेआठ हजार बाकी निघत होते. चांगल्या मनाने म्हणाले, "हे राहू द्या. तुम्ही वाचलंत ना एवढं, त्यात वळतं करू." सहा वर्षांची दुपार अन् दुपार माझ्या डोळ्यांपुढून गेली... आणि जिथे माझं वाचणं चूक म्हणून लिहिलेलं आहे, तिथे त्याची मजुरी मी कशी घेणार? मी म्हटलं, "नाही जी. वाचन्याचं वेगळं. हे उसने हायेत, मी देतो."

मुलीला यवतमाळला नोकरी लागली होती, तिच्या पहिल्या पगारातले चार हजार तिने पाठवले. तीन हजार मी नव्या घरच्या बाईंकडून आगाऊ घेतले. उरलेले याडीने, माझ्या आईने, तिच्या बटव्यातून काढून दिले. कायले, हे तिने विचारलं नाही. काल रूबेनभाऊ घराची चावी शेजारच्या वहिनींकडे ठेवायला आले होते, तेव्हा मी पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी दोनदा नको म्हटलं, मग मोजले. साडेआठ बरोबर भरले. डायरीत सगळ्या आकड्यांवरून एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "झालं, ताई. आता काही देणं राहिलं नाही."

मी म्हटलं, "माह्यावर नाही."